जनरलसाहेबांचा कागद

मुलं पदकांसमोर थांबत नाहीत. कोल्हापूरच्या न्यू पॅलेस संग्रहालयाला शाळेची सहल आली की पेंढा भरलेल्या वाघापुढं झुंबड उडते, तलवारींपुढं फोटो होतात आणि काचेखालच्या रंगीत फितींवरून नजर घसरत पुढच्या दालनात जाते. मला यात मुलांची चूक दिसत नाही. कुठल्याही लष्करी दालनात बघा, पदकाखाली दोन ओळींची चिठ्ठी असते आणि त्यात 'अतुलनीय शौर्य' यापलीकडं फारसं काही लिहिलेलं नसतं. ते शौर्य कुठं झालं, कुणाविरुद्ध, कशासाठी आणि त्या माणसाचं पुढं काय झालं, हे विचारायचं कुणाला? पहारेकऱ्याला?

कोल्हापुरात लष्करी संग्रहालयाचा, लष्करी दालनाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं. यायलाच हवं. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, जन्म १९०६, गाव वडगाव. वडील पां. चि. पाटील शेतीशास्त्रातले नावाजलेले तज्ज्ञ. मुलगा मात्र इंग्लंडला सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत गेला आणि १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. डीएसओ हा ब्रिटिशांचा लष्करी सन्मान, कीर्तिचक्र, पद्मश्री. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष. शेवटची वर्षं कोल्हापुरात आणि १९९२ मध्ये इथंच निधन. गावाला अभिमान वाटावा असं सगळं आहे, आणि वाटतोही. जनरलसाहेब म्हटलं की जुन्या कोल्हापूरकरांना पुढचं नाव सांगावं लागत नाही.

माझी तक्रार अभिमानाबद्दल नाही. आपण त्यांचा जो भाग काचेत ठेवतो त्याबद्दल आहे. थोरातांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू पदक नव्हे, तलवार नव्हे, गणवेशही नव्हे. ती वस्तू म्हणजे एक टाइप केलेला कागद. १९५९ सालचा. चीन हल्ला करू शकतो आणि आपण तयार नाही, असं सांगणारा. तो कागद दिल्लीत वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला. आपल्या सगळ्या सत्कारांतही तो बाजूलाच राहिला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की थोरातांच्या नावानं जे काही उभं असेल किंवा उभं राहील, त्याच्या मध्यभागी हा कागद पाहिजे. पदकं भिंतीला लावा.

त्याआधी पदकांचीच गोष्ट नीट सांगतो, कारण तीही आपण धड सांगत नाही.

जानेवारी १९४५. ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर कांगॉ नावाचं ठिकाण. माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता तिथं तोडायचा होता. ५१ व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडिंग अधिकारी भारतीय होते, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. इंग्रजांच्या फौजेत भारतीय माणूस पलटण चालवू शकतो का, याचीच परीक्षा चालली होती. त्या तिघांपैकी एक कोडगूचे थिमय्या, दुसरे एल. पी. सेन, तिसरे आपले थोरात. थोरातांकडं पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती, म्हणजे हुकूम देणारा मराठी आणि लढणारे पंजाबी. मेलरोज असं नाव दिलेली टेकडी आधीच्या हल्ल्यांना बधली नव्हती. ती थोरातांच्या पलटणीनं संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ मिळाला. आपल्याकडं मात्र ही गोष्ट 'मराठ्यांची मर्दुमकी' या एकाच सुरात सांगायची सवय आहे. त्या टेकडीवर पडलेले पंजाबी जवान मग कुठं जातात?

दुसरं पदक कोरियातलं. युद्ध थांबलं होतं, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरला होता. भारतानं १९५३ मध्ये तिथं फौज पाठवली ती लढायला नव्हे, राखण करायला. तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आणि ज्या तटस्थ आयोगासाठी ती काम करत होती त्याचे अध्यक्ष पुन्हा थिमय्या. एके दिवशी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. गोळीबार केला असता तर मेजर गेला असता आणि त्याच्याबरोबर किती कैदी गेले असते याचा हिशेब नाही. थोरात निःशस्त्र आत गेले, त्या गराड्यात उभं राहून बोलत राहिले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. त्यासाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. त्यालाच पुढं कीर्तिचक्र हे नाव पडलं. बंदूक न चालवल्याबद्दल मिळालेलं हे पदक. तालमीच्या या गावात ताकदीची व्याख्या जरा रुंद करायची असेल तर एवढी एक गोष्ट पुरेल. पण ती चिठ्ठीवरच्या दोन ओळींत बसत नाही.

आता कागदाकडं येऊ.

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. मुख्यालय लखनौला. तेव्हा नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, लष्कराच्या ताब्यात नव्हताच. सीमेवर आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या चौक्या होत्या. मार्च १९५९ मध्ये तिबेटात ल्हासाला उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाँगजू इथं चिनी सैनिकांनी आपल्या चौकीवर गोळीबार केला. त्यानंतर सरकारनं ही सरहद्द लष्कराकडं दिली. म्हणजे थोरातांकडं. ही सरहद्द म्हणजे मॅकमहोन रेषा, कागदावर शेकडो मैल लांब, आणि तिथवर जाणारे रस्ते जवळजवळ नाहीत.

थोरातांनी त्यावर जे लिहून दिलं त्याचा गाभा शेतकऱ्यालाही कळेल असा आहे. बांधावर उभं राहून भांडू नका. सरहद्दीवरच्या चौक्या फक्त खबर देण्यापुरत्या ठेवा. खरी लढाई मागं, आपल्याला रसद पुरवता येईल आणि शत्रूची रसद ताणली जाईल अशा ठिकाणी, बोमडिलाच्या आसपासच्या डोंगरात लढा. त्यासाठी एवढी माणसं, एवढे रस्ते, एवढी सामग्री हवी. आज आपल्याकडं ती नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये हे लष्करी मुख्यालयाकडं गेलं. थिमय्या तेव्हा सरसेनापती होते, त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडं नेलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की मेनन यांनी ते उगाच घबराट पसरवणारं ठरवलं. चीनशी युद्ध होणार नाही आणि वेळ आलीच तर आपण ते राजकीय पातळीवर निस्तरू, असा त्यांचा सूर होता.

थोरात तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेतला. लष्करात त्याला वॉर गेम म्हणतात: नकाशा टेबलावर पसरायचा, एका बाजूला चिनी, एका बाजूला आपण आणि जे आज हाताशी आहे तेवढ्यावर लढाई चालवून बघायची. निष्कर्ष तोच निघाला, हातातल्या बळावर आपण पुरे पडणार नाही. वरिष्ठ अधिकारी ते पाहून गेले. कागद पुन्हा दिल्लीला गेला. पुढं काही झालं नाही.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत असं त्यांनी सुचवलं होतं. सरसेनापती झाले जनरल थापर. थोरातही त्याच सुमारास निवृत्त होऊन बाहेर पडले आणि त्यांच्या जागी पूर्व विभागात आले एल. पी. सेन. हो, तेच, कांगॉच्या तिघांतले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीनं ठरवलं की चौक्या आणखी पुढं, चिन्यांच्या समोर नेऊन ठेवायच्या. थोरातांच्या कागदात जे करू नका म्हटलं होतं, नेमकं तेच. २० ऑक्टोबर १९६२ रोजी सरहद्दीजवळच्या नामका चू ओढ्यावर चिन्यांनी हल्ला केला तेव्हा जे घडलं ते आपल्याला माहीत आहे. आपले जवान सुती गणवेशात, हातात जुन्या थ्री नॉट थ्री रायफली. महिन्याभरात बोमडिलाही गेलं. सरकारी आकड्यानुसार १३८३ मृत्यू, १६९६ बेपत्ता, ३९६८ युद्धकैदी.

युद्ध पेटल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. थोरातांनी १९५९ च्या कागदाची गोष्ट सांगितली तेव्हा पंतप्रधानांनी विचारलं, हे मला का दाखवलं नाही? याचं उत्तर मेनन यांनाच देता येईल, असं थोरात म्हणाले. हे थोरातांच्या बाजूचं कथन आहे, हे लक्षात ठेवूनही त्या खोलीतली शांतता मला ऐकू येते.

आता आपल्या अंगणात येतो. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला' हे वाक्य दक्षिण महाराष्ट्रात लहानपणीच कानावर पडतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन गेले आणि कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचं ते वाक्य. चव्हाणांनी मोडलेलं सैन्य सावरलं, त्यात शंका नाही. पण या वाक्यामुळं एक गंमत झाली आहे. सह्याद्री हाकेनंतर धावला एवढंच आपल्या लक्षात राहिलं. याच सह्याद्रीच्या पायथ्याचा एक माणूस हाक येण्याच्या तीन वर्षं आधी हिमालयात उभा होता, बोट दाखवून सांगत होता, आणि त्याला घरी पाठवलं गेलं, हा अर्धा भाग वाक्यात मावला नाही. कराड ते कोल्हापूर दीड तासाचा रस्ता. धावून जाणाऱ्याचं गाणं झालं, आधी सांगणाऱ्याचा नुसता सत्कार झाला.

मी हे एकदा कट्ट्यावर बोललो तेव्हा शेजारचे निवृत्त सुभेदार हसले. शिरोळकडचे, पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेले. म्हणाले, "सर, खालून वर कागद जातोय, वरून खाली हुकूम येतोय. कागदाचं काय झालं हे विचारायचं नसतंय." मग जरा थांबून, "पण कुणीतरी विचारायला पाहिजे. आपली पोरं जात्यात की."

आपली पोरं जातात, हाच मुद्दा आहे. या जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. गावाच्या नावातच फौज आहे. गडहिंग्लज, चंदगड, कागल, कुठंही जा, दर चार घरांमागं फोटोफ्रेममध्ये एक हिरवा गणवेश दिसेल. टेंबलाईच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, बेळगावला रेजिमेंटचं केंद्र आहे. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीतच सामावली. पहाटे पाचला रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं बघितली की अजून हे थांबलेलं नाही हे कळतं. अशा जिल्ह्यातल्या लष्करी दालनानं फक्त भरतीची जाहिरात व्हायचं का? ज्या घरातून माणूस जातो त्या घराला हेही कळायला हवं की लढाई जिंकण्या-हरण्याचा निम्मा निकाल पहिल्या गोळीच्या आधी, टेबलावर, कागद वाचण्या-न वाचण्यात लागलेला असतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला असा की संग्रहालय ही आदराची जागा आहे, तिथं राजकारण आणू नका. मला हा आक्षेप कळतो, पण पटत नाही. थोरातांचा आदर त्यांनी जे केलं त्याचा करायचा, आणि त्यांनी केलेल्या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं नको असलेली गोष्ट वर सांगणं. मेलरोज टेकडीवर त्यांच्यामागं पलटण होती. मंत्र्यासमोर मागं कुणी नसतं. यातलं एक धाडस दाखवायचं आणि दुसरं 'वाद नको' म्हणून गुंडाळून ठेवायचं, हा आदर नव्हे. कोल्हापूरला तर हे सांगायची गरज पडू नये. शाहू महाराजांचा फोटो प्रत्येक कचेरीत आहे, पण त्यांचं मोठेपण २६ जुलै १९०२ च्या आदेशात आहे, निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या त्या कोरड्या सरकारी मजकुरात. तो वाचणाऱ्याला महाराज कळतात. नुसत्या फेट्याला हार घालणाऱ्याला कळत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थोरातांचा कागद मध्यभागी ठेवला की गोष्ट फार सोपी होऊन बसते: सेनापती शहाणा, पुढारी नादान. तसं नव्हतं. लष्करातच तेव्हा गट पडले होते. एका बाजूला थिमय्या-थोरात, दुसऱ्या बाजूला मेनन यांच्या मर्जीतले जनरल बी. एम. कौल. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागं घेतला, त्यानं सरसेनापतीचं वजन वाढलं की कमी झालं यावर आजही वाद होतो. थोरातांची योजना मान्य झाली असती तरी तीन वर्षांत तेवढे रस्ते आणि तेवढ्या पलटणी उभ्या राहिल्या असत्या का? पैसा कुठून आला असता? आणि शेवटचा शब्द लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचाच असला पाहिजे, नाहीतर शेजारच्या देशांत काय झालं ते आपण बघतोच आहोत. याच थोरातांनी, कागद नाकारला गेल्यावर, वर्तमानपत्रात जाऊन बोभाटा केला नाही. निवृत्त झाले, कोल्हापूरला आले.

पण हा आक्षेप मला माझ्याच बाजूचा वाटतो. कारण या सगळ्या गुंत्यासाठीच तर कागद हवा. पदकाशी वाद घालता येत नाही, कागदाशी घालता येतो. कॉलेजातल्या पोरानं तो वाचून म्हणावं की जनरलसाहेबांचा अंदाज इथं बरोबर होता आणि तिथं चुकला होता. लडाखचा विचार यात कुठं आहे? असा प्रश्न ज्या दालनात उठेल ते दालन जिवंत. एकमतानं टाळ्या पडल्या की दुसऱ्या दिवशी तिथं फक्त धूळ येते.

या युद्धाची सरकारी फाईलच अजून बंद आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये दिलेला पराभवाच्या चौकशीचा अहवाल साठ वर्षं उलटून गेली तरी सरकारनं खुला केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, म्हणजे चिनी वाचू शकतात, आपण अधिकृतपणे वाचू शकत नाही. संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की २५ वर्षांहून जुने लष्करी दस्तऐवज तपासून खुले करायचे. साधं गणित मांडा: १९५९ अधिक २५. एखाद्या जिल्ह्यानं आपल्या माणसाच्या नावानं, आपल्या दालनासाठी, त्या विशिष्ट कागदांची रीतसर मागणी करायला काय हरकत आहे? आपले खासदार विमानतळासाठी आणि वंदे भारतसाठी दिल्लीला निवेदनं देतात. एक निवेदन लाल किला युद्धसरावाच्या नोंदीसाठी जाऊ दे. नाही मिळाल्या तर नकाराचं पत्र फ्रेम करून लावा, तेही प्रदर्शनात शोभेल.

कागद मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. नेफाचा एक मोठा नकाशा मराठीत काढून घेता येईल, त्यावर चौक्या, तवांग, से ला, बोमडिला आणि थोरातांनी सुचवलेली मागची फळी वेगळ्या रंगात. जिल्ह्यातले १९६२, ६५, ७१ चे जवान आता थकत चालले आहेत. त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत मोबाईलवर नोंदवून ठेवता येईल. कांगॉच्या तिघांचा एकत्र फलक हवा: एक सरसेनापती झाला, एकाला होऊ दिलं नाही, आणि तिसऱ्यावर दुसऱ्याच्या इशाऱ्याप्रमाणं घडलेलं युद्ध लढायची वेळ आली. एवढं नाट्य तीन फोटोंत दुसरीकडं कुठं मिळेल सांगा. याच शहरानं महायुद्धात घरदार गमावून वळिवड्याला राहिलेल्या हजारो पोलिश लोकांची आठवण महावीर उद्यानात जपली आहे. परक्यांची आठवण तपशीलवार ठेवणाऱ्या गावाला आपल्या माणसाची ठेवणं जमणार नाही असं नाही.

काचेखालची चिठ्ठी कशी असावी याचा एक नमुना मी करून पाहिला. सुभेदारांना वाचून दाखवला, त्यांनी एक शब्द बदलला. 'दुर्लक्ष' ऐवजी 'बाजूला ठेवला' करा म्हणाले, फौजेत तसंच म्हणतात. तो असा:

'ऑक्टोबर १९५९. हा इशारा कोल्हापूरच्या थोरातांनी पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून दिल्लीला दिला. मार्च १९६० मध्ये त्यांनी तो नकाशावर करून दाखवला. तो बाजूला ठेवला गेला. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झालं. आधी समोरचा नकाशा पाहा, मग हा कागद वाचा. पदकं उजव्या भिंतीवर आहेत.'